तंबाखू नाही, फक्त सुपारी

श्रीवर्धनच्या पट्ट्यात दातांचा दवाखाना चालवताना सगळ्यात फसवं उत्तर मिळतं ते म्हणजे, "तंबाखू? छे, कधीच नाही." त्या काकूही तेच म्हणाल्या, आणि खरं तेच सांगत होत्या.

आल्या होत्या हलणाऱ्या दाढेसाठी. तोंड उघडा म्हटलं, तर तीन बोटं सोडाच, दोनही नीट जाईनात. पट्टी लावली: वरच्या-खालच्या पुढच्या दातांत 22 मिलिमीटर. गाल आतून पांढुरका पडलेला, आणि बोट फिरवलं की ताणलेल्या सुतळीसारखे उभे पट्टे लागत होते. जीभ ओठांबाहेर येईना. आमटीही झोंबते म्हणून बाई कित्येक महिने दही-भातावर. कुणीतरी 'उष्णता' म्हणून बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलेलं. गालावरून एकदा बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं! याचा मला अजून राग येतो.

घरची रोठ्याची, म्हणजे सुपारीची, वाडी. जेवणानंतर, दुपारी, रात्री झोपतानाही आडकित्त्याने कातरलेलं खांड गालात. "झाडाचं फळ ते, डॉक्टर. तंबाखूसारखं विष थोडंच?"

तंबाखू तरी झाडाचंच पान. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन गालातल्या पेशींना जादा कोलॅजन, म्हणजे चिवट धाग्यांसारखं प्रथिन, बनवायला लावतं. तिच्यातलं तांबं ते कोलॅजन घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमला जोर देतं. गाल आखडतो तो त्यामुळे. तंबाखूशिवायची सुपारीही माणसाला कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 सालीच नोंदवलंय. आमच्या केसपेपरांवर रकाना मात्र तंबाखूचाच.

"मग हळद-दूध घेऊ?" हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींवर चांगला परिणाम दाखवतं, पण पोटातून रक्तात अगदी थोडं उतरतं. हळद खुशाल घ्या म्हटलं, सुपारी मात्र आजपासून बंद.

बंद केली, असं सून सांगते. पट्टे तेवढ्याने जाणार नाहीत; तोंड उघडण्याचे व्यायाम, इंजेक्शनं आणि पुढे कायम तपासणी. डाव्या गालात पुसून न निघणारा चट्टा होता, तिथला तुकडा तपासायला पाठवलाय. अहवाल यायचाय.

उठताना त्यांनी विचारलं, "आम्ही खायची नाही, मग लोकांना विकायची कशी?" मी जायफळ-मिरीचं बोललो. ती वाडीत आहेतच, पण घर चालतं रोठ्यावर, म्हणाल्या. त्यावर मला बोलता आलं नाही. पुढच्या खेपेला नातवाला घेऊन या, एवढं सांगितलंय. शाळेच्या वाटेवर गोड सुपारीची पुडी त्यालाही मिळते.