२७०° कुठून आले?

आज दहावीला ‘अर्धवर्तुळात आंतरलिखित कोन काटकोन असतो’ हे प्रमेय होतं. फळ्यावर दोन-तीन आकृत्या काढून पोरं मान डोलावतात, पण पटलेलं नसतं. म्हणून प्रोजेक्टरवर जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर लावलं. फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. (आमच्याकडे हीच मोठी गोष्ट!)

व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडलेला वर्तुळावरचा बिंदू माऊसने सरकवायला एकेकाला पुढे बोलावलं. कुठेही न्या, कोन ९०°. तेवढ्यात एकाने बिंदू व्यास ओलांडून खाली नेला आणि पडद्यावर आलं २७०°! वर्गात कल्ला. “सर, प्रमेय मोडलं!”

मी गप्प राहिलो. बरीच वादावादी झाली. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “तो बाहेरून मोजतोय, ३६० मधून वजा करा.” बरोबर! सॉफ्टवेअर कोन घड्याळाच्या उलट दिशेनेच मोजतं, म्हणून बाजू बदलली की प्रविशाल कोन (१८०° पेक्षा मोठा) दाखवतं.

हा गोंधळ फळ्यावर झालाच नसता. अर्थात शंभर ठिकाणी ९०° दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. उद्या खडू, त्रिज्या आणि दोन समद्विभुज त्रिकोण. सिद्धता वहीत लिहायचीच आहे.