साउथगेटचा हात

"बाबा, हे सर त्याला ओरडत का नाहीयेत?"

लेकीने आज विचारलं आणि मी मोबाईल तसाच हातात धरून बसलो.

२०२१ च्या युरो कप फुटबॉल फायनलची क्लिप होती. लंडनचं वेम्बली स्टेडियम, इंग्लंड विरुद्ध इटली, बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउट. १९ वर्षांच्या बुकायो साकाची पेनल्टी अडवली गेली, इंग्लंड हरलं. आणि इंग्लंडचा तेव्हाचा कोच गॅरेथ साउथगेटने त्या पोराला छातीशी घट्ट धरलं. पोराचा चेहरा पार दडलेला. नंतर पत्रकारांनाही त्याने सांगितलं, पेनल्टी कोण मारणार हे मी ठरवलं, जबाबदारी माझी.

लेकीला म्हटलं, १९९६ मध्ये वेम्बलीवरच (तेव्हा जुनं स्टेडियम होतं) जर्मनीविरुद्धच्या सेमीफायनलला या सरांची स्वतःची पेनल्टी अडवली गेली होती. इंग्लंडकडून ५७ सामने खेळला हा माणूस, पण वर्षानुवर्षं लोकांना आठवत राहिली ती एकच किक. फार वाईट वाटतं याचं.

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना माहीत होतं, कसं वाटतं ते."

परवा तिचा गणिताचा पेपर अवघड गेला. शाळेच्या गेटवर माझं पहिलं वाक्य काय होतं, ते संध्याकाळपासून आठवतंय.

तुमचं काय असतं?