सात मजले, पैकी चार लाकडाचे

आमच्या इंदुरात बाई ‘जरा राजवाड्यावर जाऊन येते’ म्हणाली, तर ती परकराची नाडी, अस्तराचं कापड नि जमलंच तर सराफ्यातली कचोरी घेऊन येणार, एवढाच त्याचा अर्थ. मान वर करून होळकरांचा हा राजवाडा बघणं हे पाहुण्यांचं काम. परवा पुण्याहून आलेल्या भाचीनं समोरच्या बागेत उभं राहून बोटानं मजले मोजले. “मावशी, सात! आणि वरचे लाकडाचे?” जन्म इथं गेला, पण मी आपली मनात पाच धरून बसले होते.

खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. दरवाज्याच्या डोक्यावर एवढी उंची चढवायची तर ओझं हलकंच हवं, हा माझा आपला घरगुती तर्क. त्या पुढं आलेल्या झरोक्यांत बसलं की खान नदीपलीकडून चालून येणाऱ्या फौजेची धूळसुद्धा दिसावी.

१८०१ साली ती दिसून काही उपयोग झाला नसता. यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेला धूळ चारली होती. त्याचं उट्टं शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून काढलं. वाडाही आगीत गेला. इंग्रजांशी झालेल्या १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथं आली, दुसऱ्या मल्हाररावांच्या काळात वाडा पुन्हा उभा राहिला आणि वर पुन्हा लाकूडच! एकदा हात पोळलेली माणसं हो ही. पुढे १९८४ च्या दंगलीत मागची बाजू जळाली. ती पुढे उषाराजे होळकरांनी नव्यानं बांधवून घेतली. दर्शनी सात मजले मात्र तेवढे वाचले.

“मग आता वरून काय बघायचं?” भाचीनं विचारलं. मी म्हटलं, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. अख्खं इंदूर खाली लोटतं, टँकरवरच्या तोफांतून रंगाचे फवारे पार मजल्यांच्या उंचीला जातात. तेवढ्यात आठवलं, लाकूड-दगड रंगू नये म्हणून हल्ली त्या दिवशी वाड्याला ताडपत्री गुंडाळतात.

“म्हणजे टेहळणीच्या बुरुजाला डोळ्यांवर पट्टी?”

“ऐन गर्दीत,” मी म्हटलं आणि नाडी घ्यायला वळले.