तुम्ही विचारलंत म्हणून: क्रीटमध्ये एकटीनं चालताना भीती नाही वाटली?

हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहून टाकते. पुरुष सहसा खर्च किती आला विचारतात, नाहीतर सामरियाची घळ किती किलोमीटर आहे ते. बायका मात्र जरा बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात, एकटी गेलीस, तेही डोंगरात, भीती नाही वाटली?

वाटली. पण कशाची ते सांगते, कारण घरचे ज्या गोष्टींना घाबरत होते त्या वेगळ्याच होत्या.

आधी जागा समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. क्रीट हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट, पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटरच्या वर लांब. विमानतळ, मोठी हॉटेलं, गर्दी हे बहुतेक सगळं उत्तर किनाऱ्याला. नैऋत्येला लेफ्का ओरी नावाचे डोंगर आहेत, त्यातलं पाख्नेस हे शिखर २४५३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीला थोडं कमी, आणि हे डोंगर दक्षिणेला जे उतरतात ते मधे पठारबिठार काही न ठेवता जवळजवळ सरळ समुद्रात. त्यामुळे सूया नावाच्या गावापासून होरा स्फाकियॉनपर्यंत किनाऱ्यानं गाडीरस्ता झालेलाच नाही. मधली अया रूमेली आणि लूत्रो ही गावं बोटीनं जोडलेली, नाहीतर पायवाटेनं. पर्याय एवढेच दोन.

आणि एकट्या माणसासाठी हीच सोय आहे, हे मला नकाशा बघतानाच कळलं आणि मी तिथेच जायचं ठरवलं. पश्चिमेकडून पूर्वेला चालायचं, उजव्या हाताला सतत समुद्र, डाव्या हाताला सतत डोंगर, मग वाट चुकून चुकणार किती? शिवाय सीझनमध्ये रोज बोट असते, पाय दुखले, कंटाळा आला, ऊन सोसेना, तर पुढच्या गावात पोचून बसा बोटीत. सह्याद्रीत मी इतकी वर्षं फिरतेय पण एकटी कधीच जात नाही, आणि त्याचं कारण माणसं नाहीत, ढोरवाटा आहेत. कारवीत शिरलेली एखादी ढोरवाट तुम्हाला कुठे नेऊन सोडेल सांगता येत नाही, पावसाळ्यानंतर तर कालची वाट आज नसते. तिथे धाडस लागतं. क्रीटच्या दक्षिण किनाऱ्याला शेवटची बोट किती वाजता आहे ते पाठ असावं लागतं. ज्या मला धाडसी वगैरे म्हणतात त्यांना मी हेच सांगते आणि त्या विश्वास ठेवत नाहीत.

सुरुवात सगळे करतात तशी मीही सामरियापासून केली. उत्तरेच्या हान्या शहरातून पहाटेची बस ओमालोसच्या पठारावर नेते, तिथून साधारण १२३० मीटर उंचीवरून घळीत उतरायचं आणि १६ किलोमीटरवर समुद्र. १९६२ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि घळीच्या मधोमध असलेलं सामरिया गाव उठवलं, आता तिथे रिकामी दगडी घरं आहेत आणि लोक त्यांच्या सावलीत डबे खातात. (धरणात गेलेली गावं बघितलेल्या माणसाला तिथे जरा कसंतरीच होतं, पण असो.) शेवटाकडे दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की मधे तीन-चार मीटरच जागा उरते आणि भिंती तीनशे मीटर उंच, तिथे फोटोसाठी रांग. म्हणजे एकटेपणाचं नावच नको, मागे जर्मन, पुढे फ्रेंच, आणि तुमच्या आधी बाकावर येऊन बसलेली एखादी रानशेळी, तिला तिथे क्री-क्री म्हणतात, तिला माणसांच्या पिशवीत काय असतं ते नीट माहीत आहे. सामरिया सुंदर आहे, जरूर करा, पण फार एकटं वाटेल अशी काळजी सामरियात करायचं कारण नाही, उलट जरा एकटं सोडा रे असं वाटतं.

गंमत नंतर आहे. घळीतून उतरलेली ती सगळी जत्रा अया रूमेलीत जेवते, पोहते आणि संध्याकाळच्या बोटीनं निघून जाते. तुम्ही मात्र तिथेच राहा. बोट गेली की अर्ध्या तासात गाव एकदम मोकळं होतं, टॅव्हर्नावाले, म्हणजे तिथल्या खानावळींचे मालक, स्वतः जेवायला बसतात, कुणीतरी पाइप घेऊन अंगण धुतं. माझं सगळ्यात आवडतं ठिकाण विचाराल तर तेच, आणि बहुतेक टूरवाले ते दाखवतच नाहीत कारण त्यांना ती बोट पकडायची असते.

दुसऱ्या दिवशीची अया रूमेली ते लूत्रो ही वाट मात्र खरी एकट्यानं चालायची. साधारण पाच-सहा तास, मी सावकाश चालते म्हणून जास्तच. युरोपभर ई-४ म्हणून जो लांबलचक पायी मार्ग आखलाय, स्पेनपासून सायप्रसपर्यंत, त्याचाच हा तुकडा, दगडांवर आणि खांबांवर पिवळ्या-काळ्या खुणा असतात, काही ठिकाणी पुसट झालेल्या. आधी पाइनची झाडी आणि वाळू, मग तासा-दीड तासावर अगदी समुद्रालगत अयिओस पाव्लोसचं इवलंसं दगडी बायझंटाइन चर्च, मग चढ. पुढे मार्मारापाशी, अरादेनाची घळ जिथे समुद्राला मिळते तिथे, एक टॅव्हर्ना आहे, तोवर वाटेत दुकान असं काही धरून चालू नका.

आता भीती. पहिली भीती उन्हाची आणि पाण्याची, आणि ही अगदी खरी. मे महिना होता, म्हटलं आपण काय ऊन बघितलेलं नाही का. पण आपलं ऊन दमट असतं, घाम येतो आणि कळतं. तिथे वारा घाम सुकवून टाकतो आणि चुनखडीचा पांढरा दगड खालून तापतो, तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. तीन लिटर पाणी पाठीवर, सहाला निघायचं आणि दुपारी डोकं सावलीत, हा नियम मी मोडला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तर जाऊच नका, फार उष्णतेमुळे सामरियाची घळसुद्धा काही दिवस बंद ठेवतात.

दुसरी भीती कड्याची. लूत्रोच्या पूर्वेला, ग्लिका नेराच्या किनाऱ्यानंतर होरा स्फाकियॉनकडे जाताना वाट कड्यात कोरल्यासारखी आहे, रुंद आहे तशी, पण मधे दरड येऊन पडलेली, त्या दगडांवरून जायचं आणि खाली निळंशार पाणी. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला अवघड नाही. पण तिथे मी पन्नास पावलं तरी समुद्राकडे बघितलं नाही, फक्त बुटाकडे बघितलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. उंचीचा त्रास असेल तर एवढा तुकडा बोटीनं करा. ग्लिका नेराला स्वतःला मात्र जाच, तिथे समुद्राच्या काठच्या गोट्यांतून गोड्या पाण्याचे झरे येतात, लोक हातानं खड्डा करतात आणि त्यात थंडगार पाणी भरतं, दोन पावलांवर खारं.

तिसरी भीती वाऱ्याची. मी बोटीवर एवढी भिस्त ठेवायला सांगतेय, पण जोराचा वारा सुटला की बोट रद्द होते, आणि मग लूत्रोत अडकलात तर अडकलात. म्हणून परतीच्या विमानाआधी हान्याला निदान एक रात्र मोकळी ठेवायची. ही भीती पैशांची आहे, जिवाची नाही, पण रात्री झोप हीच उडवते.

सापांचं विचारता ना? फुरसं डोक्यात ठेवून वाढलेली माणसं आपण, दगडात हात घालायच्या आधी काठी घालतो. क्रीटमध्ये माणसाच्या जिवावर बेतेल असा विषारी सापच नाही. तिथले लोक त्याचं श्रेय संतांना देतात. मला कुणीही दिलेलं चालेल.

आणि माणसांचं. माणसांची भीती मला तिथे एकदाही वाटली नाही, हे अगदी मोजून-मापून सांगतेय, ग्रीक माणसं प्रेमळ वगैरे छापाचं नाही. स्फाकिया, म्हणजे होरा स्फाकियॉनच्या आसपासचा हा भाग, तसा कडक डोक्याच्या लोकांचाच. १७७० मध्ये लूत्रोच्या वर डोंगरात असलेल्या अनोपोली गावच्या दास्कालोयानिस नावाच्या पुढाऱ्यानं रशिया मदतीला येईल या भरवशावर ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव केला, मदत आली नाही, आणि १७७१ मध्ये त्याला हेराक्लिऑनला जिवंत सोलून मारलं. आपल्याकडे संभाजी महाराजांचं ऐकत मोठं झालेल्यांना ही गोष्ट समजवावी लागत नाही, मी त्याच्या पुतळ्यासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले. शेजारचं अरादेना गाव तर भावकीच्या खूनबाजीनं ओस पडलं, घरं अजून तशीच पडकी आहेत, आणि तिथल्या खोल घळीवर १९८६ मध्ये बांधलेला लोखंडी पूल, त्याच्या फळ्यांवरून गाडी गेली की असा काही खडखडाट होतो की छातीत धस्स होतं. रस्त्यावरच्या पाट्यांना बंदुकीच्या गोळ्यांची भोकं दिसतात. हे सगळं वाचून गेले होते, त्यामुळे मी सावध होते.

प्रत्यक्षात काय झालं, तर लूत्रोहून अनोपोलीच्या सहाशे मीटर चढाची ती नागमोडी वाट चढून वर पोचले, लालबुंद, तेव्हा एका घरासमोरच्या काळ्या कपड्यांतल्या आजींनी हातानंच बस म्हणून सांगितलं, पाणी दिलं, आणि मग बोटांच्या खुणांनी चौकशी सुरू, नवरा? मुलं? किती? एकटीच का? थेट आपल्या एसटीतल्या शेजारणीसारखी. दोन मुलं म्हटल्यावर समाधान झालं, नवरा घरी म्हटल्यावर नाही झालं. निघताना लिंबं दिली, ती दोन दिवस पाण्यात पिळून प्यायले.

म्हणजे एकटी बाई बघून लोकांना प्रश्न पडतात ते तिथेही पडतातच, पण डोंगरात एकटी का यापेक्षा टेबलावर एकटी का हा प्रश्न तिथे मोठा असतो. आणि खरं सांगू, मलाही तेच जड गेलं. दिवसभर एकटी चालले त्याचं काही नाही, संध्याकाळी चार माणसांच्या टेबलाशी एकटं बसून मेनू वाचायचा, आजूबाजूला सगळ्या जोड्या, तेव्हा मोबाइल काढावासा वाटतो. मी उपाय असा केला की लवकर जेवायचं, सातच्या आत, तेव्हा टॅव्हर्ना रिकामी असते आणि मालकाला बोलायला वेळ असतो. ग्रीक लोक जेवतात नऊनंतर, तोवर आपण झोपलेलो.

जेवणाचं शाकाहारी मंडळी विचारतातच. उपाशी राहत नाही माणूस. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचे उपास वर्षात भरपूर, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ त्यांच्या रोजच्या स्वयंपाकातच आहेत. दाकोस म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, चीज आणि ऑलिव्हचं तेल, भात भरलेले टोमॅटो, पिवळ्या डाळीचा घट्ट गोळा त्याला फावा म्हणतात, उकडलेल्या रानभाज्या वर लिंबू पिळून. आणि स्फाकियाची ती पातळ पोळी, आत मऊ चीज, वर मध, ती मी सकाळीही खाल्ली आणि रात्रीही. तिखटाची सवय असेल तर लसणाची चटणी छोट्या डबीत न्या, मी नेली होती. जेवणानंतर न मागता राकी नावाची कडक दारू येते, नको असेल तर हसून छातीवर हात ठेवायचा, कुणी रागावत नाही.

व्हिसा शेंगेनचा, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कागद लागतात ते लागतातच. वाटांचा कागदी नकाशा हान्यात पुस्तकांच्या दुकानात घ्या, फोनला घळीत रेंज नसते. इमर्जन्सीला ११२. आणि रोज रात्री खोलीच्या मालकिणीला उद्या कुठे जातेय ते सांगून ठेवायचं, त्या सगळ्यांच्या बहिणी-भाचे पुढच्या गावात असतात, माझ्या आधी माझी बातमी पोचलेली असायची.

मग मी जाऊ का, असं ज्या विचारताय त्यांच्यासाठी. वर्षातून एखादा लांब ट्रेक होत असेल तर अया रूमेलीपासून सुरू करा. नसेल होत तर लूत्रोलाच खोली घ्या, सकाळी छोट्या बोटीनं ग्लिका नेराला जा, पोहा, आणि तिथून चालत परत या, तासाभराची वाट आहे, कड्याचा अवघड भाग पलीकडे राहतो. मे नाहीतर सप्टेंबरअखेर. टोपीला गळ्याखाली बांधायची दोरी हवी, आणि उन्हासाठी छत्री न्यायचा विचार असेल तर नका नेऊ, वारा उलटी करून टाकतो.