सरकणे थांबले, साखळ्या टिकल्या

त्या दिवशीचे काम साधे होते. एक मायक्रोमीटर व्यासाचे पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे गोलक जवळजवळ क्षारमुक्त पाण्यात मिसळून, काचेवरील सोन्याच्या दोन पातळ इलेक्ट्रोडांमधल्या ५० मायक्रोमीटरच्या फटीत सोडायचे, आणि प्रत्यावर्ती (एसी) विद्युतदाबाची वारंवारता वाढवत नेऊन ते कोणत्या टप्प्यावर दिशा बदलतात ते पाहायचे. असमान विद्युतक्षेत्रात कणांच्या अशा सरकण्याला हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये डायइलेक्ट्रोफोरेसिस हे नाव दिले. या बलाची दिशा कणाचे ध्रुवीभवन, म्हणजे क्षेत्रामुळे त्यातील धन व ऋण प्रभार विरुद्ध बाजूंना सरकणे, भोवतालच्या पाण्यापेक्षा अधिक आहे की कमी, यावर ठरते.

१०० किलोहर्ट्झला गोलक इलेक्ट्रोडांच्या कडांकडे ओढले गेले आणि क्षेत्राच्या दिशेने एकामागोमाग जोडले जाऊन त्यांच्या साखळ्या बनल्या. पॉलिस्टायरीन विद्युतरोधक असले तरी गोलकांच्या पृष्ठभागावरील प्रभार वहनाला वाट देतो, त्यामुळे येथे त्यांचे ध्रुवीभवन पाण्यापेक्षा अधिक ठरते; आणि गोलक जितका लहान तितका या वहनाचा वाटा मोठा. एक मेगाहर्ट्झच्या अलीकडे हे सरकणे थांबले. वारंवारता आणखी वाढवताच गोलक कडांपासून दूर ढकलले जाऊ लागले.

मला खिळवून ठेवले ते मधल्या टप्प्याने. बल शून्य झाले म्हणजे प्रेरित द्विध्रुव, म्हणजे क्षेत्रामुळे गोलकात तयार होणारी आणि गोलकांना साखळीत बांधणारी धन-ऋण प्रभारांची जोडी, नाहीसा झाला, असे मानले तर साखळ्या ब्राउनीय हालचालीने, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणाऱ्या कणांच्या सैरावैरा हालचालीने, विस्कटायला हव्या होत्या. त्या तशाच ताठ राहिल्या. वारंवारता पुनःपुन्हा मागेपुढे करूनही तेच दिसले.

उलगडा कलेत, म्हणजे एक आंदोलन दुसऱ्याच्या किती पुढे वा मागे आहे यात, होता. क्षेत्र बदलते तसा द्विध्रुव तत्काळ बदलत नाही, तो थोडा मागे पडतो. अशा स्थिर रचनेच्या क्षेत्रात कणाला सरकवण्याच्या कामी द्विध्रुवाचा क्षेत्राशी समकला (त्याच्याच तालात) असलेला भागच येतो, आणि तेवढाच या वारंवारतेला शून्य होतो. शेजारचे दोन्ही गोलक मात्र सारखेच मागे पडत असल्यामुळे त्यांचे द्विध्रुव परस्परांशी समकला राहतात. म्हणूनच त्यांचे आकर्षण द्विध्रुवाच्या संपूर्ण परिमाणाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि ते परिमाण येथे मुळीच लहान नव्हते. समीकरणात हे सगळे आधीपासून लिहिलेले असते, तरी पडद्यावर ते घडताना पाहण्याचा आनंद निराळाच होता.

व्यवहारात याला मोठे मोल आहे. कणांना जागेवरून न हलवता त्यांच्या रांगा लावायच्या असतील, तर हीच वारंवारता निवडावी. मी त्याच संध्याकाळी मोठे गोलक घेतले. त्यांच्यात पृष्ठीय वहनाचा वाटा कमी असल्याने हा टप्पा अपेक्षेप्रमाणे खालच्या वारंवारतेला आला, आणि साखळ्या तिथेही टिकून राहिल्या.