तुम्ही विचारलंत म्हणून: पुढे असलेली चाचणी मी बंद का करत नाही

‘ब’ पुढे असल्याचे डॅशबोर्डवर स्पष्ट दिसत असताना तुम्ही ए/बी टेस्ट बंद का करत नाही, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बैठकीत विचारला जातो. (ए/बी टेस्ट म्हणजे एकाच गोष्टीची ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन रूपे वेगवेगळ्या लोकांना दाखवून कोणते चांगले चालते ते पाहणे.) मी हटवादी आहे की नुसतीच भित्री, एवढेच ठरवायचे राहिले आहे, असा विचारणाऱ्याचा सूर असतो. संख्याशास्त्राचे कारण मी अनेकदा दिले आहे. त्यामागची गोष्ट मात्र टाळत आले.

चाचणी चौकशीच्या फॉर्मची होती. जुन्यात सात रकाने, नव्यात चार. चौथ्या दिवसापर्यंत दोन्हींकडे प्रत्येकी २,००० लोक येऊन गेले होते. जुना फॉर्म ६० जणांनी भरला होता, नवा ८६ जणांनी. मी रोज सकाळी कामाला बसताना आणि संध्याकाळी उठताना टूल उघडून पाहत असे, आणि त्या संध्याकाळी ९५ टक्क्यांची पट्टी (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा, असे सांगणारी) हिरवी होताच मी चाचणी बंद केली. सादरीकरणात ‘४३ टक्के वाढ’ असे ठळक अक्षरांत लिहिले, कौतुक करून घेतले आणि जुना फॉर्म काढून टाकायला लावला.

दोन महिन्यांनी फॉर्म भरण्याचे प्रमाण पुन्हा ३ टक्क्यांवरच होते. तेही मी हंगामावर ढकलले असते. पण चौकशी करणाऱ्यांना फोन लावणाऱ्या एका सहकाऱ्याने छापलेली यादी माझ्या टेबलावर ठेवली, आणि तिच्यात फोन नंबरचा रकाना पानभर कोरा होता. तो वगळण्याचा निर्णय माझाच. ‘यांना आता गाठायचे कसे, मॅडम?’ एवढेच त्याने विचारले. मी भरलेले फॉर्म मोजले होते; त्यांतून ग्राहक किती झाले, हे मोजलेच नव्हते. शिवाय जुना फॉर्म हटवल्यामुळे तुलनेला दुसरी बाजूच उरली नव्हती. नवा फॉर्म मुळातच निरुपयोगी होता की मधल्या काळात दुसरेच काही बिघडले, हे मला आजही सांगता येत नाही.

त्या ९५ टक्क्यांच्या पट्टीत गृहीत धरलेली, फरक नसताना चुकीचा विजेता ठरण्याची ५ टक्के शक्यता ही ठरल्या वेळी एकदाच पाहण्यासाठी असते. संख्याशास्त्रज्ञ पीटर आर्मिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्येच दाखवले होते की, दहा वेळा पाहून पहिल्या अनुकूल आकड्यावर थांबले, तर मुळात काहीच फरक नसतानाही ती शक्यता सुमारे १९ टक्क्यांवर जाते. मी आठ वेळा पाहिले होते.

यावर माझे जुने रूप अजूनही वाद घालते. ३ टक्के ३.३ झाले हे खात्रीने ओळखायचे, तर प्रत्येक बाजूला सुमारे ५२,००० लोक लागतात. दिवसाला हजार येणाऱ्या साइटवर म्हणजे साडेतीन महिने. तेवढ्यात लोक कुकीज (कोणाला कोणता फॉर्म दाखवला, याची ब्राउझरमधली खूण) पुसतात आणि एकाच माणसाला दोन्ही फॉर्म दिसतात, मग तुझी शुद्ध चाचणी उरली कुठे? या प्रश्नाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. मधेच पाहण्याची सोय असलेल्या सिक्वेन्शियल पद्धती मी वापरते. पण त्यांत सुरुवातीचा निकष इतका कडक ठेवलेला असतो की, त्या संध्याकाळची हिरवी पट्टी तिथे बहुधा टिकली नसती.

सध्याच्या चाचणीची शेवटची तारीख मी सुरू करण्यापूर्वीच सर्वांना लिहून कळवली आहे. सहाव्या दिवशी पट्टी हिरवी झाली. चाचणी चालू आहे, आणि खरे सांगायचे तर पट्टी मी अजूनही दिवसातून दोनदा पाहते.