घर विकायला काढलंय

समुद्रापासून दोन गल्ल्या आत असलेलं आमचं घर शेवटी विकायला काढलं. दादाची आणि माझी, दोघांचीही सही झाली. बाबा गेल्यापासून ते बंदच होतं, आणि किनाऱ्यावरचं घर बंद राहिलं की झपाट्याने खचतं.

परवा साफसफाईला गेले. खिडकीची कडी हातातच आली, खाऱ्या वाऱ्याने पार खाल्लेली. मागच्या खोलीत छताचं प्लास्टर फुगलंय. आतली सळई गंजली की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतूनच फुटतं. एजंट म्हणाला, वरून रंग मारून घ्या. मी नाही म्हटलं. घर बघायला येणाऱ्याला ती भेग मी स्वतः दाखवणार आहे. पश्चिमेची भिंतसुद्धा. तिच्यात मीठ मुरलंय, ते हवेतली ओल ओढत राहतं. आई तिथे कधीच कपाट ठेवू द्यायची नाही.

दाराआड बाबांची छत्री टांगायचा खिळा आहे. त्याच्याखाली गंजाचा तपकिरी ओघळ उतरलाय, बरोबर छत्रीच्या लांबीएवढा. दादा म्हणाला, उपटून टाकू. माझा हातच धजावला नाही.

रविवारी एक कुटुंब घर बघायला येतंय. लवकर जाऊन खिडक्या उघडून ठेवायच्या आहेत.